गणेशखिंड ते हिंजवडी : संगणन संशोधनाचे प्रशासन आणि डॉ. विजय भटकर यांची कारकीर्द

प्रस्तावना

भारतातील विज्ञानाचा इतिहास बहुधा शास्त्रज्ञांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शोध लावणाऱ्याचे नाव राहते. पण त्या शोधासाठी जागा मिळवणारा, निधी मंजूर करून घेणारा, माणसे निवडणारा आणि ठरलेल्या मुदतीत काम पुरे करून घेणारा प्रशासक या इतिहासात सहसा दिसत नाही. संगणनाच्या क्षेत्रात ही उणीव अधिक जाणवते, कारण महासंगणकासारखे यंत्र एका व्यक्तीच्या बुद्धीतून निर्माण होत नाही. त्यासाठी संस्था लागते आणि संस्था उभी करणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम आहे.

या दृष्टीने डॉ. विजय पांडुरंग भटकर यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे. 'परम' महासंगणकाचे शिल्पकार ही त्यांची लोकमानसातील ओळख होय. तथापि तिरुवनंतपुरम, गणेशखिंड, हिंजवडी, दिल्ली आणि नालंदा अशा स्थळांना जोडणारी त्यांची वाटचाल प्रामुख्याने संशोधन प्रशासकाची आहे. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा आढावा घेऊन एका प्रश्नाचा विचार केला आहे : ठरावीक मुदतीच्या मोहिमेतून निर्माण झालेले संगणन सामर्थ्य विद्यापीठांपर्यंत आणि संलग्न महाविद्यालयांपर्यंत कितपत पोहोचले? हा प्रश्न केवळ एका व्यक्तीच्या मूल्यमापनाचा नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थी ज्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात, त्यांच्या संशोधनविषयक भवितव्याशी तो निगडित आहे.

पार्श्वभूमी : विद्यापीठाबाहेर वाढलेले संगणन

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील संगणन संशोधन प्रामुख्याने पारंपरिक विद्यापीठांच्या बाहेर वाढले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक 1960 मध्ये कार्यान्वित झाला. आयआयटी कानपूर येथे 1963 मध्ये आयबीएम 1620 हे यंत्र आले आणि अध्यापनात संगणकाचा पद्धतशीर वापर सुरू झाला. केंद्र शासनाने 1970 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि 1971 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन केला. पुढे 1985 मध्ये मुंबईत नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही स्वतंत्र संस्था आकारास आली.

1986 मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक संगणक जाळ्याचे प्रारंभीचे सहभागी पाहिले तर हीच रचना दिसते. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, मुंबईचे सॉफ्टवेअर केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी असे त्याचे स्वरूप होते. मुंबई, पुणे, नागपूर यांसारखी जुनी विद्यापीठे या पहिल्या वर्तुळात नव्हती. त्यांना संलग्न असलेल्या महाविद्यालयांचा तर प्रश्नच नव्हता. अध्यापन एका बाजूला आणि संशोधन दुसऱ्या बाजूला, ही विभागणी 'परम'च्या जन्मापूर्वीच पक्की झालेली होती. डॉ. भटकर यांचे कार्य समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे.

जडणघडण : मुरंबा ते तिरुवनंतपुरम

डॉ. भटकर यांचा जन्म 11 ऑक्टोबर 1946 रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावी झाला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी 1965 मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून 1968 मध्ये पदव्युत्तर पदवी आणि आयआयटी दिल्लीतून 1972 मध्ये डॉक्टरेट असा त्यांचा पुढील शैक्षणिक प्रवास आहे. वऱ्हाडातील एका खेड्यातून प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तेथून आयआयटी हा मार्ग त्या पिढीतील अनेक अभियंत्यांचा होता. मात्र यांपैकी अनेकांनी पुढे परदेशाची वाट धरली, डॉ. भटकर शासकीय इलेक्ट्रॉनिक्स नियोजनाच्या वर्तुळात आले.

1980 च्या दशकात ते तिरुवनंतपुरम येथील इलेक्ट्रॉनिक्स संशोधन व विकास केंद्राचे संचालक होते. या केंद्राची पाळेमुळे केरळ शासनाच्या 'केल्ट्रॉन' या उद्योगात होती. येथील कामाचे स्वरूप विद्यापीठीय प्रयोगशाळेहून वेगळे होते. कारखान्याला किंवा वीज यंत्रणेला हवे असलेले नियंत्रण साधन ठरलेल्या तारखेला चालू करून द्यावयाचे, ही तेथील कसोटी होती. केवळ शोधनिबंध प्रसिद्ध करून तेथे काम पुरे होत नसे. केल्ट्रॉनचे संस्थापक के. पी. पी. नंबियार हे पुढे केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे सचिव झाले. त्यामुळे केरळमधील राज्य पातळीवरचा अनुभव आणि दिल्लीतील धोरणनिर्मिती यांच्यात एक दुवा निर्माण झाला. सी-डॅकच्या कार्यपद्धतीचे मूळ या केरळपर्वात शोधावे लागते.

सी-डॅकची स्थापना आणि मोहीम पद्धती

'अमेरिकेने महासंगणक नाकारला म्हणून भारताने स्वतःचा बनवला' अशी एक सुटसुटीत कथा सर्वत्र सांगितली जाते. वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. 1980 च्या दशकात भारताने अमेरिकेकडून क्रे कंपनीच्या महासंगणकाची मागणी केली होती. दीर्घ वाटाघाटींनंतर अधिक शक्तिशाली प्रतिमानाऐवजी क्रे एक्स-एमपी/14 हे त्या श्रेणीतील कमी क्षमतेचे यंत्र, तेही हवामान अंदाजासाठी आणि वापरावर देखरेखीच्या अटींसह, देण्यात आले. दिल्लीतील राष्ट्रीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात ते बसविले गेले. म्हणजेच नकार संपूर्ण नव्हता. परंतु कोणते यंत्र घ्यावे आणि त्यावर कोणती गणिते करावीत हे विक्रेत्या देशाने ठरवावे, ही स्थिती संशोधनाच्या दृष्टीने नकाराइतकीच जाचक होती.

या परिस्थितीत मार्च 1988 मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या अंतर्गत असलेली ती एक नोंदणीकृत वैज्ञानिक संस्था होती आणि डॉ. भटकर तिचे संस्थापक कार्यकारी संचालक होते. एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी दशांश-क्रिया, या पातळीचा समांतर संगणक तीन वर्षांत तयार करणे हे तिचे उद्दिष्ट होते.

येथे प्रशासकीय निर्णयाचे महत्त्व स्पष्ट होते. क्रेसारखा महासंगणक म्हणजे अत्यंत वेगवान, खास घडविलेल्या मोजक्या प्रक्रियकांचे यंत्र. असे प्रक्रियक बनविण्याची क्षमता भारतात नव्हती आणि तीन वर्षांत ती निर्माण होणेही शक्य नव्हते. बाजारात मिळणारे साधे प्रक्रियक मोठ्या संख्येने जोडून एकाच गणिताचे भाग त्यांच्यात वाटून देणे हा दुसरा मार्ग होता. ब्रिटनमधील इनमॉस कंपनीच्या 'ट्रान्सप्युटर' या प्रक्रियकात इतर चार प्रक्रियकांशी थेट जोडणी करण्याची सोय होती. सी-डॅकने त्याची निवड केली. यामुळे खऱ्या संशोधनाचा विषय प्रक्रियक हा न राहता जोडणी, कार्यप्रणाली आणि समांतर आज्ञावली हा झाला. यंत्रभाग आयात करता येत होता; त्यांना एकत्र काम करावयास लावणारी विद्या मात्र येथेच निर्माण करावी लागणार होती.

1991 मध्ये 'परम 8000' सिद्ध झाला. 'पॅरलल मशीन' या शब्दांचे लघुरूप आणि 'परम' हा संस्कृत शब्द असा दुहेरी अर्थ या नावात आहे. मॉस्को येथील एका संशोधन संस्थेतही हे यंत्र बसविण्यात आले.

त्या काळात भारतात समांतर संगणनाचे इतरही प्रयत्न चालू होते. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा 'फ्लोसॉल्व्हर' 1986 मध्येच तयार झाला होता. भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'अनुपम' आणि संरक्षण संशोधन संघटनेच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेचा 'पेस' हीही याच परंपरेतील यंत्रे होत. म्हणून 'परम' हा भारतातील समांतर संगणनाचा पहिला प्रयत्न होता असे म्हणता येणार नाही. इतर यंत्रे मुख्यतः त्या त्या प्रयोगशाळेची स्वतःची गणिते सोडविण्यासाठी बनली. 'परम' मात्र इतर संस्थांना देण्याजोगे, विकण्याजोगे उत्पादन म्हणून आखला गेला. हे वेगळेपण तांत्रिक कमी आणि प्रशासकीय अधिक आहे.

मोहीम पद्धतीची खरी परीक्षा पहिल्या यशानंतर झाली. 1990 च्या दशकात ट्रान्सप्युटरचा विकास खुंटला आणि हळूहळू ते बाजारातून नाहीसे झाले. एका परदेशी प्रक्रियकावर विसंबलेली संस्था अशा वेळी मोडून पडू शकते. सी-डॅकने 'परम 8600' मध्ये इंटेलच्या आय-860 प्रक्रियकाची जोड दिली. 1994 च्या 'परम 9000' मध्ये तर प्रक्रियक बदलता येईल अशी मांडणी स्वीकारण्यात आली. 1998 मध्ये आलेला 'परम 10000' सन कंपनीच्या प्रचलित संगणकांची जोडणी करून तयार झाला आणि त्याची क्षमता 100 गिगाफ्लॉपपर्यंत पोहोचली. दहा वर्षांत क्षमता शंभरपट वाढली. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे संस्थेचे ज्ञान यंत्रभागात अडकून न राहता जोडणीच्या विद्येत साठत गेले. डॉ. भटकर यांनी सी-डॅक सोडल्यानंतर तयार झालेला 'परम पद्म' जून 2003 च्या जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत 171 व्या स्थानावर होता. संस्थापक गेल्यावरही काम चालू राहणे हे संशोधन प्रशासनाच्या यशाचे एक विश्वासार्ह गमक मानता येईल.

भाषा-संगणन : दुर्लक्षित पण दूरगामी कार्य

सी-डॅकचे नाव महासंगणकाशी जोडले गेल्याने तिच्या भाषाविषयक कार्याकडे काहीसे दुर्लक्ष होते. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मूलभूत काम आयआयटी कानपूर येथे 1980 च्या दशकात झाले होते. 'जिस्ट' या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र पुढे सी-डॅकमध्ये आले आणि तेथे त्याचे रूपांतर प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या साधनांत झाले. भारतीय लिप्यांसाठीची 'इस्की' ही सांकेतिक पद्धती 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोने प्रमाणित केली. इनस्क्रिप्ट कळफलकाचाही त्यात समावेश होता. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी 'इस्की'च्या 1988 च्या आवृत्तीवर आधारलेली आहे.

याचा अर्थ असा की, आज मराठीत टंकलिखित होणारा प्रत्येक मजकूर त्या काळातील मानकनिर्मितीचा काही अंशी ऋणी आहे. येथेही मूळ शोध एका शैक्षणिक संस्थेचा आणि त्याचा प्रसार मोहिमेच्या संस्थेचा, असे श्रमविभाजन दिसते. महासंगणकाचा लाभ काही शेकडा संशोधकांना झाला असेल. लिपीच्या मानकाचा लाभ कोट्यवधी लोकांना झाला. संशोधन प्रशासनात कोणत्या कामाला अग्रक्रम मिळतो आणि कोणत्या कामाचा परिणाम टिकतो, यांत अंतर असू शकते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

एकाच परिसरातील दोन संस्था

सी-डॅक पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात स्थिरावली. त्याच परिसरात, त्याच 1988 या वर्षी, आणखी एक संस्था जन्मास आली : आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, अर्थात 'आयुका'. विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलेल्या या केंद्राचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर होते. एकाच आवारातील या दोन समवयस्क संस्थांची तुलना उद्बोधक ठरते.

आयुकाच्या घटनेतच विद्यापीठ हा शब्द होता. देशभरातील विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांनी तेथे यावे, काही काळ राहून संशोधन करावे आणि पुन्हा आपल्या वर्गात परतावे, यासाठी सहयोगी सदस्यत्वाची योजना करण्यात आली. लहान गावातील महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या अध्यापकालाही या योजनेमुळे उत्तम ग्रंथालयाचे आणि चर्चेचे दार उघडले.

सी-डॅकची घटना वेगळी होती. ती एका शासकीय विभागाला उत्तरदायी होती आणि तिचे यश यंत्राच्या क्षमतेने मोजले जाणार होते. विद्यापीठाच्या आवारात असूनही ती विद्यापीठाची नव्हती. 'परम'च्या सुविधेचा उपयोग शैक्षणिक संस्थांतील संशोधकांनी केला हे खरे. तथापि महाविद्यालयीन अध्यापकाला संशोधक म्हणून सामावून घेणारी आयुकासारखी रचना तिच्या मूळ आराखड्याचा भाग नव्हती. हा दोष एका प्रशासकाचा मानणे योग्य होणार नाही. तीन वर्षांत महासंगणक उभा करावयाच्या संस्थेने देशभरच्या अध्यापकांचे संशोधन वाढविण्याचीही जबाबदारी घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी ठरली असती. परंतु परिणाम मात्र स्पष्ट आहे. खगोलशास्त्रासारख्या विषयाला महाविद्यालयांशी जोडणारी संस्था मिळाली. संगणनाला, ज्याचे विद्यार्थी हजारोंनी वाढणार होते, तशी संस्था मिळाली नाही.

त्याऐवजी संगणनात जो सेतू निर्माण झाला तो प्रशिक्षणाचा होता. सी-डॅकच्या प्रगत संगणन प्रशिक्षण विद्यालयाने 1990 च्या दशकात पदविका अभ्यासक्रम सुरू केले. अभियांत्रिकी पदवीधरांना उद्योगासाठी तयार करणारे हे अभ्यासक्रम लोकप्रिय झाले. संशोधन संस्थेचे आणि महाविद्यालयाचे नाते असे जुळले खरे, पण त्यात विद्यार्थी प्रशिक्षणार्थी म्हणून होता आणि अध्यापक कोठेच नव्हता.

हिंजवडी : उद्योगाच्या शेजारी शिक्षण

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे म्हातोबाच्या बगाडासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेले गाव. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान विकसित केले. तत्पूर्वी, 1990 च्या सुमारास सॉफ्टवेअर निर्यातीसाठी शासनाने प्रथम निवडलेल्या तीन केंद्रांत बंगळूर व भुवनेश्वर यांच्याबरोबर पुण्याचा समावेश होता. त्या पायावर हिंजवडीचा विस्तार झाला. इन्फोसिस, विप्रो, टाटा कन्सल्टन्सी यांसारख्या कंपन्यांची मोठी संकुले तेथे उभी राहिली आणि शेतजमिनीचे गाव टप्प्याटप्प्याने माहिती तंत्रज्ञानाचे उपनगर बनले.

सी-डॅकमधून बाहेर पडल्यानंतर डॉ. भटकर यांच्या कारकीर्दीचा दुसरा टप्पा या भूमीशी जोडला गेला. होप फाउंडेशन अँड रिसर्च सेंटर या न्यासाच्या वतीने 2000 च्या दशकाच्या प्रारंभी हिंजवडीच्या या उद्यानातच इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ही संस्था सुरू झाली. 'आय-स्क्वेअर-आयटी' या नावाने परिचित असलेल्या या संस्थेच्या उभारणीत डॉ. भटकर यांचा प्रमुख मार्गदर्शक म्हणून वाटा होता. प्रारंभीच्या काळात तिचा भर पदव्युत्तर शिक्षणावर होता. उद्योग ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्यावर संशोधनाभिमुख शिक्षणसंस्था असावी, ही त्यामागील कल्पना होती. उद्योगाच्या समस्या वर्गात याव्यात आणि वर्गातील विद्या उद्योगात जावी, अशी अपेक्षा त्यात अनुस्यूत होती.

याच सुमारास त्यांचा संबंध असलेल्या आणखी दोन संस्था लक्षात घेण्यासारख्या आहेत. 2000 मध्ये तिरुवनंतपुरम येथे केरळ शासनाने माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापनाची पदव्युत्तर संस्था स्थापन केली. 2001 मध्ये महाराष्ट्र शासन आणि राज्यातील विद्यापीठे यांच्या सहभागातून महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. एमएस-सीआयटी हा तिचा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत पोहोचला. एका बाजूला उच्च संशोधन, दुसऱ्या बाजूला सर्वसामान्यांची संगणक साक्षरता आणि मध्यभागी हिंजवडीची व्यावसायिक शिक्षणसंस्था, अशी ही तीन पातळ्यांची मांडणी होती.

या तीन संस्थांचे पुढील मार्ग मात्र भिन्न झाले. केरळमधील संस्थेचे राज्य कायद्याच्या पाठबळाने 2020 च्या दशकारंभी डिजिटल विद्यापीठात रूपांतर झाले. महाराष्ट्रातील साक्षरतेचा उपक्रम व्यापक झाला. हिंजवडीची संस्था कालांतराने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न पदवी अभियांत्रिकीचे शिक्षण देऊ लागली. या रूपांतराकडे एखाद्या संस्थेचे अपयश म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. विद्यार्थ्याला विद्यापीठाची मान्यताप्राप्त पदवी हवी असते, पालकांना तिचे मोल कळते आणि विनाअनुदानित संस्थेचा खर्च शुल्कातून भागवावा लागतो. संलग्नतेच्या चौकटीत अभ्यासक्रम विद्यापीठाच्या मंडळाकडून येतो, परीक्षा विद्यापीठ घेते आणि अध्यापकाचा बहुतेक वेळ या वेळापत्रकाने व्यापला जातो. नव्या संस्थेने स्वतंत्र संशोधन केंद्र म्हणून केलेली सुरुवात या चौकटीपुढे टिकवणे कठीण असते. केरळमध्ये शासनाने संस्थेला विद्यापीठाचा दर्जा दिला. हिंजवडीत संस्थेला विद्यापीठाच्या चौकटीत यावे लागले. फरक गुणवत्तेचा नसून आश्रयाचा होता.

उद्योगाचे सान्निध्यही अपेक्षेप्रमाणे संशोधनाला पूरक ठरलेच असे नाही. हिंजवडीतील उद्योगाचा मोठा भाग सेवा स्वरूपाचा होता. त्याला संशोधकापेक्षा प्रशिक्षित मनुष्यबळ हवे होते. पुण्यातील उद्योगजगताने महासंगणनात रसच घेतला नाही असे मात्र नाही. टाटा समूहाच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या पुण्यातील कंपनीने उभारलेला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या जागतिक यादीत चौथ्या क्रमांकावर होता. या उपक्रमाच्या प्रारंभीच्या काळात गणितज्ञ डॉ. नरेंद्र करमरकर त्याच्याशी संबंधित होते. भारतीय यंत्राने गाठलेले हे असाधारण स्थान होते. परंतु हाही प्रयोग विद्यापीठव्यवस्थेबाहेरचाच होता.

मूल्यमापन

डॉ. भटकर यांच्या कार्याचा शासनाने आणि समाजाने यथोचित गौरव केला. 1999 चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार, 2000 मध्ये पद्मश्री आणि 2015 मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. 2012 पासून काही वर्षे ते आयआयटी दिल्लीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते आणि जानेवारी 2017 मध्ये नालंदा विद्यापीठाच्या कुलपतिपदी त्यांची नियुक्ती झाली. 2023 पर्यंत ते पद त्यांच्याकडे होते. ज्या आयआयटीचे ते विद्यार्थी होते तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद आणि त्यानंतर विद्यापीठाचे कुलपतिपद, असा हा उत्तरार्ध आहे. विद्यापीठाबाहेर संशोधन उभे करणारा प्रशासक अखेरीस विद्यापीठीय शासनाकडे वळला.

या कारकीर्दीतून संशोधन प्रशासनाविषयी काही निरीक्षणे नोंदवता येतात. पहिले, मर्यादित आणि मोजता येण्याजोगे उद्दिष्ट, निश्चित मुदत व निर्णयस्वातंत्र्य या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की शासकीय चौकटीतही वेगाने काम होऊ शकते. दुसरे, परावलंबन पूर्णपणे टाळता येत नसेल तेव्हा ते कोठे स्वीकारावे आणि कोठे टाळावे हे ठरविणे हाच धोरणाचा गाभा असतो. प्रक्रियक आयात करून जोडणीची विद्या स्वतःकडे ठेवण्याचा निर्णय याचे उत्तम उदाहरण होय. तिसरे, मोहीम जे उद्दिष्टात लिहिते तेच साध्य करते. महाविद्यालयीन अध्यापकाचा सहभाग उद्दिष्टात नसेल तर तो आपोआप घडून येत नाही.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. महासंगणकासारखी महागडी साधने सर्वत्र वाटणे शक्य नाही आणि मोजक्या केंद्रांवर भर देणे हेच गरीब देशाला परवडते, असे म्हटले जाईल. 1988 च्या संदर्भात हा युक्तिवाद बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. परंतु आयुकाच्या उदाहरणावरून दिसते की, साधन एका ठिकाणी ठेवूनही त्याभोवतीचा समुदाय देशभर पसरवता येतो. दुर्बीण प्रत्येक महाविद्यालयाला द्यावी लागली नाही. अध्यापकाला तिच्यापर्यंत येण्याचा हक्क द्यावा लागला. संगणनात तर जाळ्यामुळे प्रवासाचीही आवश्यकता उरत नाही.

अलीकडील घडामोडी या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. 2015 मध्ये 4500 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानास मान्यता मिळाली. सी-डॅक आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्यामार्फत राबविल्या जाणाऱ्या या अभियानात यंत्रे शैक्षणिक संस्थांत बसविण्यावर भर आहे. 2019 मध्ये वाराणसीच्या आयआयटीत 'परम शिवाय' आणि पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' कार्यान्वित झाले. सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या तीन 'परम रुद्र' यंत्रांपैकी एक पुण्याजवळील महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बिणीसाठी आहे. 'परम' हे नाव आता एका यंत्राचे राहिले नसून यंत्रांच्या कुटुंबाचे झाले आहे. मात्र ही यंत्रे ज्या संस्थांत आहेत त्या पुन्हा प्रामुख्याने राष्ट्रीय दर्जाच्याच आहेत. 1986 चे वर्तुळ मोठे झाले. त्याची परिमिती अद्याप संलग्न महाविद्यालयापाशी पुरेशी पोहोचलेली नाही.

निष्कर्ष

डॉ. विजय भटकर यांच्या कारकीर्दीने भारतीय संगणनाला दोन गोष्टी निश्चितपणे दिल्या : मोठे तांत्रिक उद्दिष्ट आपण वेळेत पुरे करू शकतो हा अनुभव आणि संस्थापकानंतरही टिकणारी संस्था. भारतीय भाषांच्या संगणनासाठी झालेले कार्य ही तिसरी आणि कदाचित अधिक चिरस्थायी देणगी होय. हिंजवडीचा प्रयोग मात्र असे दर्शवितो की, संस्थेची कल्पना कितीही पुढची असली तरी तिला पदवी देण्याचा अधिकार, संशोधनासाठी स्थिर निधी आणि अध्यापकाला वेळ या तीन गोष्टींचा आधार नसेल तर ती प्रचलित चौकटीकडे परत येते.

गणेशखिंड आणि हिंजवडी यांच्यातील अंतर काही किलोमीटरचे आहे; संशोधन संस्था आणि संलग्न महाविद्यालय यांच्यातील अंतर त्याहून कितीतरी मोठे आहे. ते कमी करण्यासाठी नवे महासंगणक पुरेसे होणार नाहीत. राष्ट्रीय अभियानातील यंत्रांच्या वापराचा निश्चित वाटा विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या अध्यापकांसाठी राखून ठेवणे, त्यासाठी आयुकाच्या धर्तीवर सहयोगी सदस्यत्वाची योजना आखणे आणि या कामाची नोंद अध्यापनभारात करणे, हे उपाय प्रशासकीय स्वरूपाचे आणि सहज आवाक्यातील आहेत. 1988 मध्ये तीन वर्षांची मुदत घालून यंत्र उभे करता आले. अध्यापकाला त्या यंत्रापर्यंत पोहोचविण्याच्या कामालाही तशीच मुदत घालावी लागेल, आणि ते उद्दिष्ट मोहिमेच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून लिहावे लागेल.